हिपॅटायटिस सी बरा झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी: कोणाला लागते, कशी करून घ्यायची

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आईचा रिपोर्ट आला: व्हायरस 'नॉट डिटेक्टेड'. त्या गणपतीत आम्ही अख्ख्या आळीत पेढे वाटले. १९९१ मध्ये गर्भाशयाच्या ऑपरेशनच्या वेळी तिला रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. तेव्हा आपल्याकडे रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सीची तपासणी सक्तीची नव्हती. तिथून आलेला हा व्हायरस अठ्ठावीस वर्षं तिच्या अंगात होता आणि बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी गेला. डॉक्टर म्हणाले, "आता यायची गरज नाही." फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेली.

तीन वर्षांनी शुगरसाठी आम्ही नवीन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जुने कागद चाळले आणि विचारलं, "काकूंची शेवटची सोनोग्राफी कधी झाली?" २०१९ नंतर एकही झालेली नव्हती. त्याच आठवड्यात केली, तेव्हा लिव्हरमध्ये २.३ सेंटिमीटरची गाठ निघाली. कॅन्सरची. आईला काहीही त्रास होत नव्हता. आदल्या रविवारी तिने घरी पुरणपोळ्या केल्या होत्या.

गाठ लहान होती म्हणून वाचलो. पण तो योगायोग होता, आणि कुणाच्या घरी हे योगायोगावर सोडलं जाऊ नये म्हणून मी हे सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. उपचाराचे निर्णय तुमचे लिव्हरतज्ज्ञच घेतील. पण त्यांच्यापर्यंत कोणते कागद घेऊन जायचे आणि काय विचारायचं, हे मला आता नीट ठाऊक झालं आहे.

१. 'बरा झाला' हे आधी कागदावर पक्कं करा

गोळ्या संपल्या म्हणजे आजार बरा झाला, असं धरून चालू नका. शेवटची गोळी घेतल्यावर किमान बारा आठवड्यांनी 'एचसीव्ही आरएनए' ही रक्ततपासणी करावी लागते. त्यात व्हायरस सापडला नाही, तरच बरा झाला असं म्हणतात. डॉक्टर याला 'एसव्हीआर' म्हणतात. अनेक जण गोळ्या संपताच बरं वाटतं म्हणून ही तपासणी करतच नाहीत. तुमचं तसं झालं असेल, तर आज इतक्या वर्षांनीही ती करता येते. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाची चौकशी करा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

इथे एक नेहमीचा घोटाळा होतो. 'अँटी-एचसीव्ही' ही वेगळी तपासणी आहे. ती व्हायरस शोधत नाही, व्हायरसविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी शोधते. त्या बरं झाल्यावरही राहतात, त्यामुळे ही तपासणी बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्हच येते. मोतीबिंदूच्या किंवा गुडघ्याच्या ऑपरेशनआधी हीच तपासणी करतात, आणि पॉझिटिव्ह पाहून घरचे हादरतात, कधी ऑपरेशनही पुढे ढकललं जातं. आईच्या आरएनए रिपोर्टची झेरॉक्स मी म्हणूनच पर्समध्ये ठेवते.

२. उपचारांआधी लिव्हर कोणत्या अवस्थेत होतं ते शोधून काढा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. पुढचं सगळं हिच्यावर ठरतं.

व्हायरस वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये राहिला की पेशी मरत जातात, नवीन तयार होतात, आणि मधे व्रण साचत जातो. या व्रणाला फायब्रोसिस म्हणतात आणि त्याच्या एफ-० ते एफ-४ अशा पायऱ्या आहेत. एफ-४ म्हणजे सिरॉसिस: व्रणांनी लिव्हर कडक आणि गाठाळ झालेलं. गोळ्या व्हायरस काढून टाकतात. व्रण मात्र लगेच पुसला जात नाही. काहींचा बऱ्याच वर्षांत कमी होतो, काहींचा राहतो. शिवाय इतकी वर्षं मरत-उगवत राहिलेल्या पेशींमध्ये जे बिघाड साठलेले असतात, तेही व्हायरसबरोबर निघून जात नाहीत. कॅन्सर उगवतो तो या जमिनीत.

म्हणून प्रश्न आज लिव्हर कसं आहे एवढाच नाही. उपचार सुरू करताना ते कसं होतं, हे शोधायचं आहे. त्यासाठी हे कागद पाहा:

फायब्रोस्कॅनचा जुना रिपोर्ट. यात लिव्हरचा ताठपणा किलोपास्कलमध्ये येतो. हिपॅटायटिस सीमध्ये साधारण ९.५ च्या पुढे एफ-३ आणि १२.५ च्या पुढे सिरॉसिस धरतात.

फायब्रोस्कॅन झालाच नसेल तर त्या काळातला सीबीसी आणि लिव्हर फंक्शन टेस्ट. त्यांवरून 'फिब-४' हा आकडा काढता येतो: वय गुणिले एएसटी, याला प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ याने भागायचं (वर्गमूळ फक्त एएलटीचं). एएसटी म्हणजेच एसजीओटी आणि एएलटी म्हणजे एसजीपीटी. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब त्या लाखांत छापतात, तिथे हमखास चूक होते: ०.९८ लाख म्हणजे ९८ हजार, म्हणून हिशेबात ९८. आईचं तेव्हाचं वय ६१, एएसटी ९२, एएलटी ७४, प्लेटलेट ९८. उत्तर येतं साधारण ६.७. हा आकडा ३.२५ च्या वर असला की व्रण बराच पुढे गेल्याची शक्यता मोठी असते. म्हणजे उपचारांच्या आधीच हे सगळं आमच्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं. वाचणारं कुणी नव्हतं. (वय फार कमी किंवा ६५ च्या पुढे असेल तर हा आकडा तितका भरवशाचा राहत नाही, हेही लक्षात ठेवा.)

आणि औषधाची चिठ्ठी. सरकारी कार्यक्रमात सिरॉसिस नसलेल्यांना सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर देतात, तर सिरॉसिस असलेल्यांना सोफोसबुविर-वेल्पाटासविर, आणि लिव्हर जास्तच बिघडलेलं असेल तर सोबत रिबाविरिन. चिठ्ठीवर वेल्पाटासविर किंवा रिबाविरिन दिसलं, तर ते का दिलं होतं हे डॉक्टरांना जरूर विचारा. खासगीत हे औषध सिरॉसिस नसतानाही देतात, त्यामुळे चिठ्ठी हा पुरावा नाही, फक्त खूण आहे.

आता सापळा. बरं झाल्यावर फायब्रोस्कॅन पुन्हा केला की आकडा खाली येतो, आणि लोकांना वाटतं, सिरॉसिस गेला. आईचा १९ वरून ११ वर आला होता. पण ताठपणात सुजेचाही वाटा असतो. व्हायरस गेल्यावर सूज आधी उतरते आणि आकडा पडतो, व्रण मात्र जागेवर असू शकतो. नवीन आकडा चांगला आला म्हणून सोनोग्राफी बंद करू नका. उपचारांआधीचा आकडाच धरायचा.

३. तुम्ही कोणत्या गटात आहात

सिरॉसिस होता: दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, यावर जगभरच्या लिव्हरतज्ज्ञांचं एकमत आहे. व्हायरस गेल्याने कॅन्सरचा धोका खूप, साधारण सत्तर टक्क्यांनी कमी होतो. पण सिरॉसिस असलेल्यांमध्ये त्यानंतरही दर वर्षी शंभरात दोनेक जणांना तो होतो.

एफ-३ होता: इथे मतभेद आहेत. युरोपातले तज्ज्ञ तपासणी चालू ठेवा म्हणतात, अमेरिकेतले सगळ्यांना ती लागत नाही म्हणतात, कारण धोका बराच कमी, वर्षाला दोनशेत एकाच्या आसपास आहे. पण सिरॉसिस आणि एफ-३ यांच्यातली रेषा तपासणीत पुसट असते. मधुमेह, दारू किंवा लठ्ठपणा यांतलं काही सोबत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: डॉक्टरांकडे तपासणीचा आग्रह धरा.

एफ-० ते एफ-२, आणि लिव्हरचा दुसरा आजार नाही: कॅन्सरसाठी दर सहा महिन्यांच्या सोनोग्राफीची गरज नसते. उगाच भीती बाळगू नका. माझ्या मावसभावाने असा पैसा आणि झोप दोन्ही घालवली.

हिपॅटायटिस बीसुद्धा असेल तर हिशेब वेगळा. तो व्हायरस पेशीच्या डीएनएमध्ये शिरतो आणि सिरॉसिस नसतानाही कॅन्सर करू शकतो. सीची औषधं चालू असताना दबलेला बी उसळू शकतो, म्हणून उपचारांआधी एचबीएसएजी आणि अँटी-एचबी कोअर या तपासण्या व्हायला हव्यात. तुमच्या फाइलमध्ये त्या नसतील तर आता करून घ्या.

"या गोळ्यांनीच कॅन्सर होतो" असंही कानावर येईल. ही भीती अगदी हवेतून आलेली नाही. २०१६ मध्ये स्पेन आणि इटलीतल्या काही डॉक्टरांना असं वाटलं होतं की या औषधांनंतर कॅन्सर जास्त दिसतो. पुढे अमेरिका आणि फ्रान्समध्ये हजारो रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा उलट दिसलं: औषध घेतलेल्यांमध्ये कॅन्सर कमी होता. मुळात ज्यांना जुन्या उपचारातली इंटरफेरॉनची इंजेक्शनं सोसली नसती, असे जास्त आजारी लोक या गोळ्या घेऊ शकले, आणि त्यांचा धोका आधीपासूनच मोठा होता. तेव्हा कुणी या भीतीने उपचार टाळत असेल, तर त्याला टाळू देऊ नका.

४. फाइल बांधा

एकाच फाइलमध्ये, तारखेच्या क्रमाने, नवीन कागद वर:

- उपचारांआधीचा आणि नंतरचा आरएनए रिपोर्ट
- उपचारांआधीचा फायब्रोस्कॅन, सीबीसी, लिव्हर फंक्शन टेस्ट
- औषधांची चिठ्ठी, सुरू आणि बंद केल्याच्या तारखांसह
- हिपॅटायटिस बीचे रिपोर्ट
- आतापर्यंतच्या सगळ्या सोनोग्राफी. सीटी-एमआरआय झाला असेल तर त्याची सीडी
- एंडोस्कोपीचा रिपोर्ट
- आधार कार्ड आणि रेशन कार्डाची झेरॉक्स
- चालू औषधांची यादी, काढे-चूर्णांसकट

प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलमध्येही ठेवा. लॅबच्या पातळ कागदावरची छपाई दोन-तीन वर्षांत उडते.

५. सोनोग्राफीचा दिवस

सहाच महिने का, हे मी विचारलं होतं. अशी गाठ दुप्पट व्हायला सर्वसाधारणपणे चार ते सहा महिने घेते. वर्षभर थांबलं तर 'लहान'ची 'मोठी' होऊन जाते. आणि दुखेल तेव्हा जाऊ असं म्हणाल, तर लिव्हरच्या आत दुखण्याची जाणीवच नसते. वरच्या आवरणाला ताण बसला की मग दुखतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

तारीख विसरू नये म्हणून आमच्या घरी ठरलेलं आहे: संक्रांतीनंतरचा सोमवार आणि आषाढीनंतरचा सोमवार.

जाताना सहा ते आठ तास पोट रिकामं हवं. खाल्लेलं असलं की आतड्यातल्या गॅसमुळे लिव्हर नीट दिसत नाही. मधुमेह असेल तर सकाळची पहिली वेळ मागा आणि गोळी-इन्सुलिनचं काय करायचं ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.

चिठ्ठीवर डॉक्टरांकडून नेमकं कारण लिहून घ्या. नुसतं 'पोटाची सोनोग्राफी' असलं की गर्दीच्या सेंटरमध्ये मूतखडा आहे का ते बघून पाच मिनिटांत उठवतात. 'सिरॉसिस, हिपॅटायटिस सीचा उपचार पूर्ण, लिव्हर कॅन्सरसाठी तपासणी' असं लिहिलेलं असलं की तपासणाराही थांबून पाहतो. शक्यतो दर वेळी एकाच ठिकाणी जा आणि मागचा रिपोर्ट त्यांच्या हातात द्या. आईला आता तिथले डॉक्टर ओळखतात. "काकू, मोठा श्वास घ्या, धरा, कुशीवर वळा" असं करत पंधरा मिनिटं घेतात.

उठण्याआधी एकच प्रश्न विचारा: "पूर्ण लिव्हर दिसलं का?" उजव्या बाजूचा वरचा भाग बरगड्यांआड आणि फुप्फुसाखाली लपतो. पोट सुटलेलं असेल किंवा लिव्हरवर चरबी असेल तरी नीट दिसत नाही. दिसलं नसेल तर तसं रिपोर्टमध्ये लिहायला सांगा. मग डॉक्टर सीटी किंवा एमआरआय सुचवू शकतात. न दिसलेल्या लिव्हरचा 'नॉर्मल' रिपोर्ट उपयोगाचा नाही.

खर्चाचं: ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं यात येत नाहीत. जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफीची पुढची तारीख मिळते, म्हणून महिनाभर आधी नंबर लावा.

६. सोबत एएफपी

ही साधी रक्ततपासणी आहे. लिव्हर कॅन्सरमध्ये वाढू शकणारं अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन ती मोजते. २० नॅनोग्रॅमच्या वर आकडा गेला किंवा दर वेळी चढत गेला तर पुढची तपासणी करतात. पण एएफपी नॉर्मल म्हणजे कॅन्सर नाही, असं मुळीच नाही. आईची गाठ सापडली तेव्हा तिचा एएफपी ७ होता. फक्त रक्त तपासून सोनोग्राफी टाळू नका.

लॅब बदलली की एकक बघा. काही लॅब नॅनोग्रॅममध्ये देतात, काही इंटरनॅशनल युनिटमध्ये. दुसऱ्याचा आकडा नॅनोग्रॅममध्ये आणायचा तर साधारण १.२ ने गुणावं लागतं. नाहीतर नुसत्या एककाच्या फरकाने आकडा चढल्याचा भास होतो.

७. रिपोर्टमध्ये गाठ लिहून आली तर

प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. सिरॉसिसच्या लिव्हरमध्ये साध्या गुठळ्या असतातच, आणि 'हिमॅन्जिओमा' ही रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठही पुष्कळांना असते.

एक सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर सहसा तीन ते सहा महिन्यांत पुन्हा सोनोग्राफी सांगतात. ही तारीख चुकवू नका. एक सेंटिमीटर किंवा मोठी असेल तर कॉन्ट्रास्ट देऊन वेगवेगळ्या टप्प्यांतला सीटी किंवा एमआरआय करतात. साधा सीटी इथे चालत नाही. वेळ ठरवताना 'लिव्हरचा ट्रिपल फेज' असं स्पष्ट सांगा. आमचा पहिला सीटी साधा झाला आणि पैसे, दिवस दोन्ही वाया गेले. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासलेलं असावं, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर तिथे सांगावं.

सिरॉसिस असलेल्या माणसाच्या स्कॅनवर ठरावीक लक्षणं दिसली, म्हणजे गाठ सुरुवातीला जास्त उजळली आणि नंतर फिकी पडली, तर तुकडा न काढताही निदान होऊ शकतं. त्यामुळे "बायोप्सी का नाही केली?" म्हणून घाबरू नका, पण कारण विचारून घ्या.

इथून पुढे लिव्हरतज्ज्ञ, सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात अशा ठिकाणीच जा. लहान गाठ सुईने जाळता येते, कापून काढता येते, किंवा लिव्हर ट्रान्सप्लांट हा मार्ग असतो. त्यासाठी पाच सेंटिमीटरपर्यंतची एक, किंवा तीन सेंटिमीटरपर्यंतच्या तीन गाठी ही जुनी, मान्य मर्यादा आहे. आईची गाठ मायक्रोवेव्हने जाळली, दोन दिवसांत घरी आलो. गाठ मोठी झाल्यावर हे पर्याय एकेक करून बंद होत जातात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी भेटा, दाखल झाल्यावर धावपळ होते.

८. मधल्या सहा महिन्यांत

दारू पूर्ण बंद. 'थोडीशी' असं काही सिरॉसिसमध्ये नाही.

शुगर आणि वजन आटोक्यात. कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हर कॅन्सर कमी आढळतो, म्हणून आईचा दुपारचा चहा आम्ही कॉफीवर नेला. बिनसाखरेची.

बुरशी लागलेले, कडवट शेंगदाणे, जुना मका फेकून द्या. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन लिव्हर कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण आहे. कूट करताना दाणे निवडून घ्या. कुटात गेल्यावर काही कळत नाही.

काढे, 'लिव्हर टॉनिक', कावीळ उतरवणारे: मनापासून सांगते, लांब राहा. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं. अंगदुखीच्या गोळ्याही मनाने नकोत. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं, पण सिरॉसिसमध्ये दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, तेही डॉक्टरांना विचारून.

आणि हिपॅटायटिस सी पुन्हा होऊ शकतो, त्याची प्रतिकारशक्ती येत नाही. डायलिसिस चालू असेल तर आरएनए तपासणी मधूनमधून करून घ्या.

काळी शौच, रक्ताची उलटी, पोट एकदम फुगणं, डोळे पिवळे होणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही झालं तर सहामाहीची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, रुग्णालय गाठा.

९. किती वर्षं?

हा प्रश्न आईनेच विचारला: "अजून किती दिवस हे?" डॉक्टर म्हणाले, "काकू, सिरॉसिस होता त्यांना थांबायची तारीख आम्ही देत नाही." व्हायरस जाऊन दहा वर्षं झालेल्यांतही कॅन्सर आढळतो. तपासणी थांबवण्याचा विचार होतो तो वेगळ्या कारणाने: माणूस इतका थकलेला असेल की गाठ सापडली तरी कोणताच उपचार झेपणार नाही, तेव्हा घरच्यांनी आणि डॉक्टरांनी बसून बोलावं, आणि त्या बोलण्यात रुग्णाला घ्यावं.

ज्यांची गाठ एकदा जाळली आहे त्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. आईचा सुरुवातीला दर तीन महिन्यांनी कॉन्ट्रास्टचा स्कॅन होता, कारण लिव्हरमध्ये दुसरीकडे गाठ येण्याची शक्यता बरीच असते. आता तिच्या दोन सोमवारांपैकी एका वेळी एमआरआय असतो आणि दुसऱ्या वेळी सोनोग्राफी. फाइल आता कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे, तिचा हात पोचेल अशी.